दमाचा हिशेब

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर संगणकाकडे बघायची बंदी होती. आता अक्षरं लख्ख दिसतात. माझ्या जुन्या लेखांतल्या शुद्धलेखनाच्या चुकाही! असो.

यंदा गणपतीत सगळे घरी जमले होते. दादाचा नातूही पुण्याहून आला होता. पोरगा सत्तावीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, रोज पहाटे उठून पळणारा. साताऱ्याची हिल मॅरेथॉन धावायची असं त्याच्या मनात आहे. यवतेश्वरचा घाट पळत चढायचा म्हणजे खायचं काम नाही. आरती झाल्यावर मी मागच्या दारी गेलो तर टाकीपाशी वास आला. तीस वर्षं ओढलेल्या माणसाचं नाक त्या बाबतीत कुत्र्यासारखं असतं. मी काही बोललो नाही, पण त्याने मला पाहिलं होतं. हसून म्हणाला, "नाना, दिवसाला चारच. आणि आठवड्याला चाळीस किलोमीटर पळतो मी, सगळं जळून जातं. आबा नाही का, बिड्या ओढायचे, तरी पन्नाशीत तीनशे जोर मारायचे!"

आबा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मास्तर लोकांना उत्तर नेहमी तास संपल्यावर सुचतं. म्हणून हा लेख. घरातल्या मंडळींनी जरूर वाचावा, कारण दादाची ती तीनशे जोरांची गोष्ट आपल्या घरात कायम अर्धीच सांगितली जाते, आणि ती अर्धी सांगण्यात मीही सामील आहे.

इतिहास आणि मराठी असे दोन विषय मी पस्तीस वर्षं शिकवले. त्यामुळे सुरुवात शब्दापासून करतो. 'दम' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ श्वास. आपण त्याचं काय काय केलं बघा. दम लागतो, दम खातो, दम धरतो, दमछाक होते, एखाद्याला दम देतो, माणूस दमदार असतो, आणि म्हातारपणी दमा होतो. चिलमीचाही दमच मारतात. पैलवानाची सगळी कमाई ज्या शब्दात, त्याच शब्दात चिलीमही. आमच्या भाषेने दोन्ही एका दावणीला बांधून ठेवलंय, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

तंबाखू आपल्या देशात आणली पोर्तुगीजांनी. तिची उत्तरेकडची वाटचाल मात्र आपल्या बाजूने झाली, हे फार जणांना ठाऊक नसतं. अकबराचा असद बेग नावाचा सरदार विजापूरला आदिलशाही दरबारात गेला होता. 1604 च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि जडावाची एक नळी सोबत नेली आणि बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. त्याच्या हकिमाने हरकत घेतली की ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, तिचे गुणदोष कुणी तपासलेले नाहीत. बादशहाने पुढे ती धरली नाही, पण दरबारातल्या उमरावांनी धरली ती धरलीच. गंमत अशी की त्याच 1604 साली तिकडे इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि तीत फुप्फुसांना धोका असल्याचं म्हटलं. 1617 मध्ये जहांगीरने बंदी घातली. राजे विरोधात, हकीम विरोधात, आणि तंबाखू मजेत गावोगाव पोचली. आमच्या आजोबांच्या कमरेला चंची होती, आजी मिश्री लावायची, आणि घरात कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

तालमीत मात्र वाटत होतं. 1964 मध्ये मी चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला पेठेतल्या तालमीत घातलं. दादा त्याच तालमीत तयार झाला होता आणि 1962 मध्ये फौजेत भरती झाला होता. वस्ताद अक्षरशत्रू. पण हौद्यात उतरण्याआधी प्रत्येक पोराला समोर उभं करून "हा कर" म्हणायचे आणि तोंडाचा वास घ्यायचे. बिडीचा वास आला तर त्या दिवशी माती नाही, नुसत्या बैठका. त्यांचं सगळं शास्त्र एवढंच की बिडी ओढणारा गडी पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येत नाही, तो पुढे ओळखू येतो. ताकद तेवढीच, डाव तेवढेच, पण लढत लांबली की तो मान टाकतो. याला कारण विचारलं तर म्हणायचे, धूर दम खातो.

याच 1964 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा मोठा अहवाल निघाला. शेअरबाजारात गोंधळ नको म्हणून तो मुद्दाम शनिवारी जाहीर केला होता. आमच्या वस्तादांना त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

आता एक विचित्र गोष्ट. शरीर कमावण्याचे जे मोठे कारखाने जगाने काढले, त्यांतल्या बहुतेकांनी एका हाताने व्यायाम दिला आणि दुसऱ्या हाताने तंबाखू. सैन्याचं बघा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाच्या शिध्यात तंबाखू असे. अमेरिकन सैनिकाच्या शिध्याच्या डब्यात सिगारेटी येत, त्या 1975 मध्ये बंद झाल्या. म्हणजे सर्जन जनरलचा अहवाल निघून अकरा वर्षं झाल्यावर! आमचा सातारा जिल्हा तर फौजी जिल्हा. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आमच्या लहानपणी पेन्शनवर आलेल्या सुभेदाराच्या हातात सिगारेटचा पत्र्याचा डबा म्हणजे रुबाब वाटायचा. दादाही फौजेत गेला तो निर्व्यसनी. पहाडातल्या थंडीत सोबत्याने बिडी पुढे केली. 1979 मध्ये तो परत आला तेव्हा दिवसाला वीस-पंचवीस बिड्या चालू होत्या. आणि पहाटे उठून जोरही चालू होते.

बिडी सिगारेटपेक्षा साधी, म्हणून सौम्य, असा समज आमच्याकडे होता. खरं उलटं आहे. टेंभुर्णीचं पान कागदासारखं हवा खेळू देत नाही. बिडी विझू नये म्हणून सारखा झुरका मारावा लागतो, त्यामुळे एवढ्याशा तंबाखूतून विषारी वायू आणि डांबर भरपूर आत जातं. मुंबईत डॉ. वसंतराव खानोलकर, संघवी आणि राव यांनी ओढणं, खाणं आणि घशा-अन्ननलिकेचा कॅन्सर यांचा संबंध तपासून 1955 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात मांडला होता. आपल्या माणसांनी, आपल्या रुग्णांवर केलेलं काम. शाळेच्या कुठल्याही पुस्तकात मला ते शिकवायला मिळालं नाही.

इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी वीस हॉस्पिटलांतल्या रुग्णांना प्रश्न विचारले. फुप्फुसाचा कॅन्सर एवढा का वाढतोय हा प्रश्न होता, आणि डॉल यांचा पहिला संशय डांबरी रस्त्यांवर आणि मोटारींच्या धुरावर होता. ते स्वतः सिगारेट ओढत. आकडे हाती येऊ लागल्यावर त्यांनी सोडली. 1950 मध्ये निबंध छापून आला. 1951 मध्ये त्यांनी देशातल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, तुम्ही ओढता का म्हणून, आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. 1954 मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅकलाउड यांनी पत्रकारांसमोर हा धोका मान्य केला तेव्हा ते एकामागून एक सिगारेटी ओढत होते. मला या माणसाचं हसू येत नाही. मीही आठवीच्या वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहायचो आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जाऊन पेटवायचो.

हो, तालमीतला मी. बी.ए. झालो, 1973 मध्ये नोकरी लागली, तालीम सुटली, सिगारेट लागली. विशेष कारण काही नाही. सगळे ओढत होते.

आणि मग क्रिकेट. 1996 चा विश्वचषक आठवतो ना? त्याचं नावच विल्स वर्ल्ड कप. आपल्या खेळाडूंच्या शर्टावर पुढे 2001 पर्यंत विल्सचं नाव होतं. जगातले चपळ, निरोगी तरुण आणि सिगारेट ही जोडी आम्ही टीव्हीवर डोळे भरून बघितली. त्या स्पर्धेत सचिनची बॅट मात्र कोरी होती, एकही चिकटपट्टी नाही. तंबाखूची जाहिरात करायची नाही असा शब्द त्याने वडिलांना दिला होता, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. वडील म्हणजे प्रा. रमेश तेंडुलकर, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मराठी शिकवणारा म्हणून मला याचा उगाचच अभिमान आहे. 2003 मध्ये कायदा झाला आणि जाहिराती, पुरस्कृत सामने बंद झाले. 2008 च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक ठिकाणी ओढायलाही बंदी आली. पण दोन पिढ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, ती म्हणजे खेळणाऱ्याला सिगारेट बाधत नाही. माझ्या नातवाला ती वारशाने मिळाली आहे.

याचं उत्तर 1968 मध्येच मिळालं होतं. केनेथ कूपर हे अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर. बारा मिनिटांत किती अंतर पळता येतं यावरून दम मोजायची त्यांची पद्धत आजही वापरतात. त्यांनी चारशेहून अधिक नव्या भरतीच्या हवाई सैनिकांना सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर पळवलं. सगळे तरुण, जेवण एक, कवायत एक. ओढणारे आधीही मागे होते आणि नंतरही मागे राहिले. जितक्या जास्त सिगारेटी आणि जितकी जास्त वर्षं, तितकं अंतर कमी. म्हणजे मेहनत ओढणाऱ्यानेही तेवढीच केली, पदरात कमी पडलं.

कारण सोपं आहे, एस.टी.च्या भाषेत सांगतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ही प्राणवायूची गाडी. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याची हिमोग्लोबिनशी जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त. तो खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो आणि उठायचं नाव घेत नाही. निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात. नियमित ओढणाऱ्याच्या सुमारे पाच टक्के सीटा, फार ओढणाऱ्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, अशा अडलेल्या असतात. पेपर वाचत बसलं तर काही जाणवत नाही. घाट चढताना जाणवतं, कारण तेव्हा गाडी भरून न्यायची असते. शिवाय निकोटिनमुळे हृदय आधीच जोरात चाललेलं, आणि श्वासनळ्या आक्रसलेल्या. चाळीस किलोमीटर पळून यातलं काहीही जळत नाही रे बाळा.

आता दादाची उरलेली अर्धी गोष्ट.

तीनशे जोर खरे. मी मोजलेत. 1993 साली, पन्नासाव्या वाढदिवसाला, अंगणात. त्यानंतर त्याने ओट्यावर बसून बिडी पेटवली तीही मी पाहिली. घरात सगळे म्हणायचे, याला काही होत नाही, लोखंड आहे. सात वर्षांनी, 2000 च्या हिवाळ्यात, त्याला विहिरीवरून घरी येताना दोनदा बसावं लागलं. पुण्याला नेलं. तिथे त्याला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते यंत्र मोजतं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. म्हणाले, निम्म्याहून कमी उरलंय. दादाला ते पटेना. "डॉक्टर, मी जोर मारतो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ काढली. ती फ्लेचर आणि पीटो यांची रेघ, हे मला पुष्कळ नंतर कळलं. लंडनमधल्या जवळजवळ आठशे कामकरी पुरुषांची फुप्फुसं त्यांनी आठ वर्षं मोजली आणि 1977 मध्ये निष्कर्ष मांडले. फुप्फुसाची ताकद वयाबरोबर सगळ्यांचीच थोडी थोडी कमी होते. ओढणाऱ्यांपैकी काहींची मात्र फार भराभर कमी होते. कुणाची होणार हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि देवाने फुप्फुसं एवढी सढळ हाताने दिली आहेत की निम्मी संपेपर्यंत रोजच्या कामात काही अडत नाही. व्यायाम करणाऱ्याचं हृदय आणि स्नायू तयार असतात, ते उरलेल्या हवेत काटकसरीने भागवतात. त्यामुळे त्याला आणखी उशिरा कळतं. दादाचे तीनशे जोर म्हणजे फुप्फुसं शाबूत असल्याचा दाखला नव्हता. आम्ही तो दाखला समजलो, त्यानेही समजला.

त्या रेघेला मध्येच एक फाटा फुटत होता. डॉक्टर म्हणाले, ज्या दिवशी सोडाल तिथून रेघ पुन्हा साध्या माणसाच्या उतारावर येते. गेलेलं परत येत नाही, पण पुढची घसरगुंडी थांबते. दादाने त्या दिवशी खिशातलं बंडल हॉस्पिटलच्या फाटकाशी टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही. पण फाटा फार खाली फुटला होता. शेवटची दोन वर्षं घरात प्राणवायूचं नळकांडं होतं. 2006 मध्ये गेला तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. नातू तेव्हा आठ वर्षांचा. त्याला नळकांडं आठवत नाही, भिंतीवरचा मुद्गल घेतलेला फोटो आठवतो. आणि मीही कुणी विचारलं की जोरांचीच गोष्ट सांगत आलो. ती सांगायला बरी वाटते.

मी ती रेघ 2000 मध्ये पाहिली आणि तरी दोन वर्षं ओढत राहिलो. याचं समर्थन नाही. 2002 मध्ये सातवीच्या मुलांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. त्या चढावर मी पाच ठिकाणी थांबलो. मुलं काही बोलली नाहीत, दर वेळी पुढे जाऊन थांबायची आणि दुसरीकडे बघायची. त्यांचं ते सभ्यपणे दुसरीकडे बघणं मला वस्तादांच्या शिव्यांपेक्षा लागलं. दिवाळीच्या पाडव्याला सोडली. वय बावन्न.

पहिला आठवडा वाईट गेला, वर्गात खडू फेकून मारले. तोंडात सारखी लवंग नाहीतर बडीशेप. तिसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला, मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, श्वासनळीतले बारीक केस धुराने लुळे पडलेले असतात, ते जागे झालेत, झाडलोट चालू आहे. चार किलो वजन वाढलं, कारण आमटीला वास येऊ लागला! रक्तातल्या त्या अडलेल्या सीटा तर एक-दोन दिवसांतच मोकळ्या होतात, पण मला पहिला फरक कळला तो दीड महिन्याने. दर रविवारी गड चढायचा नेम केला होता, थांबे वहीत लिहायचो. पाचाचे तीन झाले. गुढीपाडव्याला एक. पुढच्या दिवाळीत एकही नाही, थेट दरवाज्यापर्यंत. ती वही अजून आहे.

डॉल यांनी त्या डॉक्टरांचा माग पन्नास वर्षं ठेवला. 2004 मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शेवटचा हिशेब मांडला. आयुष्यभर ओढणाऱ्याची सरासरी सुमारे दहा वर्षं जातात. साठीत सोडली तर त्यातली तीन परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा. मी बावन्नचा होतो, म्हणजे सहाच्या खाली कुठेतरी. दादा सत्तावन्नचा होता, पण त्याचं फुप्फुस आधीच गेलेलं. नातू सत्तावीसचा आहे. ही सरासरी आहे, एकेका माणसाचं ती सांगत नाही, हे इतिहासाच्या मास्तराला कळतं. तरी त्याला हा तक्ता मी छापून देणार आहे.

परवा त्याचा फोन आला. रविवारी येतोय. "नाना, गडावर जाऊया," म्हणाला. मी पंचाहत्तरचा, आता गुडघ्यासाठी एकदा थांबतो. अट मी घातली आहे. पायथ्यापासून दोघांनी बोलत बोलत चढायचं, आणि धाप लागून जो आधी गप्प होईल त्याने खाली आल्यावर मिसळ द्यायची. दादाची वहिनींकडची जुनी फाईल आणि माझी थांब्यांची वही पिशवीत भरून ठेवली आहे.